चुन्याच्या गोलात

"हात पुढे कर," मॅडम म्हणाल्या.

मी ओंजळ धरली. त्यांनी बाटली हातभर वर धरली आणि सॅनिटायझर ओतलं. थोडं माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. मग ताप बघायचं ते पांढरं पिस्तूल लांबूनच माझ्या कपाळावर रोखलं. ते वाजलं. मॅडमनी आकडा बघितला आणि फाटक उघडलं.

व्हरांड्यात साहेब बसले होते. शेजारी मुंबईहून आलेले त्यांचे डॉक्टर मित्र. फरशी पुसायची बादली घेऊन मी त्यांच्या जवळून गेले, तेव्हा मॅडम मागून म्हणाल्या,

"एक सांगू? राग मानू नकोस. तुझ्या अंगाला वास येतो. अंघोळ करून येत जा. तुम्हा लोकांना हे सांगावं लागतं, मलाच वाईट वाटतं."

डॉक्टरांनी कॉफीचा घोट घेतला. साहेब झाडांकडे बघत राहिले.

त्या दिवशी मी दोनदा अंघोळ केली होती. उजाडायच्या आधी एकदा आणि घरातून निघताना एकदा.

"हो मॅडम," मी म्हणाले आणि फरशी पुसायला बसले. अपमान मागाहून कळला. आधी भीती वाटली. कारण वास खरंच येत होता. आणि तो कुठून येतो ते मला माहीत होतं.

माझी आजी सांगायची, तिच्या लहानपणी त्यांना पाणी असंच वरून ओतायचे. आमच्या घरात छप्पन सालापासून बुद्ध आहे. मी दहावी शिकलेली. चौदा एप्रिलला विहारात माईकवर भाषण करणारी. तरी ओंजळ कशी धरायची हे माझ्या हातांना कुणी शिकवावं लागलं नाही. फार्महाऊसवर माझी कपबशी मागच्या नळापाशी वेगळी असायची, ती करोना यायच्या आधीपासूनच. करोना आल्यावर तिला सेफ्टी म्हणायला लागले, एवढंच.

आता दुखणं सांगते. आडवळणाने सांगण्यात माझं एक वर्ष गेलंय, म्हणून सरळच सांगते.

माझं अंग बाहेर येतं. म्हणजे गर्भपिशवी खाली उतरते. धाकट्या मुलीच्या बाळंतपणानंतर पंधराव्या दिवशी मी लावणीच्या चिखलात वाकले होते, तेव्हापासूनचं हे. आमच्याकडे बायका हे बोलत नाहीत. सासू सुनेला सांगत नाही, बहीण बहिणीला सांगत नाही. पदर खोचायचा आणि चालायचं. माझं फक्त माझ्या मोठ्या जावेला, विशाखावयनीला माहीत होतं. तिनेच मला सरकारी हॉस्पिटलात नेलं. त्या हॉस्पिटलचं नाव घेत नाही. नाव घेतलं तर तेवढं एकच वाईट, असं वाटेल.

तिथल्या सिस्टरनी रबराची रिंग बसवून दिली. ती आत राहते आणि पिशवी वर धरते. दर तीन महिन्यांनी जाऊन ती काढायची, धुवायची, तपासून परत बसवायची. हे ऑपरेशन होईपर्यंत. ऑपरेशनची तारीख मे महिन्यातली होती. जानेवारीत रिंग बदलली. मार्चमध्ये सगळं बंद झालं.

मॅडम-साहेब पूर्वी शनिवार-रविवार यायचे. बंद लागल्यावर कायमचे राहायला आले. मुंबईत भीती, कर्जतला मोकळी हवा. मला रोजचं काम लागलं. आमचे हे रसायनीला कंपनीत कंत्राटावर, त्यांचं काम थांबलेलं. घर माझ्यावर होतं.

मे गेला. ऑपरेशनचा कुणी फोन केला नाही. जुलैमध्ये दुखायला लागलं तेव्हा भाजीच्या टेंपोत मागे बसून मी हॉस्पिटलला गेले. फाटकाबाहेर जमिनीवर चुन्याचे गोल काढले होते, एकेका गोलात एकेक माणूस. पहिल्या गोलापासून खिडकी चांगली सहा-सात हात लांब. खिडकीत एक कारकून, तोंडाला मास्क, वरून काच.

"काय त्रास?"

मी सांगितलं. मास्कमधून, हळू.

"मोठ्यानं बोला."

माझ्या मागे अकरा पुरुष होते. मी मोजले. त्यातले दोन आमच्याच गावचे. मी म्हणाले, "पोटात दुखतंय."

"ताप? खोकला?"

"नाही."

त्याने कागदावर लिहिलं, शिक्का मारला, चार गोळ्या दिल्या. "हे तातडीचं नाही. सध्या फक्त तातडीचं बघतो. नंतर या."

मी परत आले. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं होतं. अकरा पुरुषांसमोर ते शब्द उच्चारावे लागले नाहीत याचाच मला आनंद झाला होता.

त्याच महिन्यात मॅडमच्या दाताची टोपी निघाली. मुंबईत दातांचे दवाखाने बंद. पण डॉक्टर ओळखीचे. साहेबांनी फोन केला, गाडीचा पास निघाला, दवाखाना त्यांच्यापुरता उघडला. संध्याकाळी मॅडम परत आल्या. "चार दिवस नीट जेवता येत नव्हतं गं," म्हणाल्या. मी त्यांना मऊ भात करून दिला.

गणपतीनंतर मला ताप यायला लागला. रोज नाही. दोन दिवस यायचा, एक दिवस जायचा. आणि ताप म्हणजे तेव्हा काय होतं, हे विसरलेल्यांना सांगायला पाहिजे. आमच्या आळीतल्या एका आजोबांना ॲम्ब्युलन्स घेऊन गेली. पुन्हा त्यांचं तोंड घरच्यांनी बघितलं नाही. तेव्हापासून आरोग्यखात्याची आशाताई दारात येऊन विचारायची, "कुनाला ताप?" आणि आळीतल्या सगळ्या घरांतून एकच उत्तर यायचं, "नाय."

मीही नाय म्हणायचे. मला वाटायचं, ताप कळला की मला उचलतील, मुलींना उचलतील, घराला पत्रे ठोकतील. काम तर त्याच दिवशी जाईल.

म्हणून मी एक युक्ती केली. फार्महाऊसच्या अलीकडे एक ओढा आहे. तिथे थांबायचे, ओढणी भिजवायचे आणि कपाळावर घट्ट दाबून धरायचे. मनात शंभर आकडे मोजायचे. मग कपाळ कोरडं करून फाटकापाशी जायचे. पिस्तूल फसायचं. आतून मी भाजत असायचे आणि मॅडम म्हणायच्या, "ओके, ये." सव्वा महिना मी ते पिस्तूल फसवलं. मला वाटत होतं मी हुशार आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ आतून सडत होती.

आणि मग तो वासाचा दिवस.

घरी आले ती थेट न्हाणीत गेले. विटेच्या तुकड्याने अंग घासलं. मांड्या घासल्या, पोट घासलं. साबण संपवला. घासता घासता मला पटलं होतं की मी घाण आहे. मॅडमनी दोन वाक्यांत सांगितलं आणि मला पटलं. पाण्यात पू दिसला. रक्ताचा धागा दिसला. मी न्हाणीत खाली बसले आणि मला पहिल्यांदा वाटलं की मी मरणार. थोरली बारावीला, धाकटी सातवीला. मी मेले तरी कशाने मेले हे कुणी म्हणणार नाही. करोनाने गेली म्हणतील आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळतील.

विशाखावयनीने दार वाजवलं. आत आली. एका नजरेत तिला सगळं कळलं.

"ती रिंग काढली नायस अजून?"

"नाय."

"आन ताप?"

मी ओढ्याचं सांगितलं. मॅडम काय बोलल्या तेही सांगितलं. वाटलं ती जवळ घेईल. ती तशीच उभी राहिली.

"आंगोळ कर म्हनाली ती, तवा तू काय म्हनालीस?"

"हो म्हनाले."

"चार परक्यांच्या म्होरं ते ऐकून घेताना लाज नाय वाटली तुला? आन खिडकीवर सोताचं दुखनं सांगताना वाटली. विहारात माईक लागतो तुला. हितं तोंड शिवलं काय गं?"

मी रडत होते. तिने टॉवेल फेकला.

"वास तुजा नाय. तुज्यात ज्ये राहिलंय त्याचा हाय. ऊठ. उद्या जायाचं."

रात्रभर मला झोप आली नाही. मरणाची भीती होती, ॲम्ब्युलन्सची होती, आणि सगळ्यांत मोठी त्या खिडकीची.

दुसऱ्या दिवशी मी ओढ्यावर थांबले नाही. तापलेलं कपाळ घेऊन हॉस्पिटलच्या फाटकात उभी राहिले. तेच गोल, तीच खिडकी, तोच कारकून. वयनी माझ्या मागच्या गोलात. शिपायाने पिस्तूल लावलं आणि दोन पावलं मागे सरला. "ताप आहे. तिकडं, करोनाच्या लायनीत."

"मी नाही जाणार," मी म्हणाले.

"काय त्रास?" खिडकीतून आवाज आला. "मोठ्यानं बोला."

मागे किती पुरुष आहेत ते या वेळी मोजलं नाही. मास्क खाली ओढावासा वाटला, ओढला नाही. आणि मी बोलले. विहारात बोलते त्या आवाजात.

"माझं अंग बाहेर येतं. तुमच्या इथं रिंग बसवलीय. दहा महिने झाले, कुणी काढली नाही. आतून पू येतोय, रक्त येतंय, म्हणून ताप आहे."

कुणीतरी खाकरलं. कारकून काचेजवळ आला.

"अहो बाई, हळू बोला. माणसं आहेत."

"तुम्हीच म्हणालात, मोठ्यानं."

"रिंगचं काम तातडीत बसत नाही. ती ओपीडी बंद आहे."

"मग कशात बसतं ते सांगा. तोवर मी या गोलातून हलत नाही."

"हिला न्या रे बाजूला," तो शिपायाला म्हणाला. शिपाई पुढे आला नाही. मला ताप होता ना. ज्या तापाला मी सव्वा महिना भ्याले, त्या तापाला आता तो भीत होता. मागून वयनी म्हणाली, "हात लावूनच बघ रं."

मी तिथे उभी राहिले. किती वेळ ते माहीत नाही. पायांवरून घाम ओघळत होता. मग आवाज ऐकून आतून सिस्टर बाहेर आल्या. त्यांनीच रिंग बसवली होती. मला बघून त्या म्हणाल्या, "अरे देवा, तुम्ही जानेवारीतल्या ना?" आणि मला आत घेतलं, वयनीलाही.

रिंग मांसात रुतली होती. वरून मांस वाढलं होतं. कापून काढावी लागली. ते दुखणं मी लिहिणार नाही. एवढंच सांगते, की टेबलावर असतानाच एक डॉक्टर माझ्यावर ओरडले.

"इतके दिवस काय करत होतात? तुम्ही लोक दुखणं अंगावर काढता आणि मग आमच्याकडे येता."

मी उशाशी ठेवलेल्या पिशवीकडे बोट केलं. वयनीने त्यातून जुलैचा कागद काढून दिला. त्यांचाच शिक्का. पोटदुखी, तातडीचे नाही.

"मी इथंच उभी होते," मी म्हणाले. "पोटात दुखतं म्हणाले, ते माझं चुकलं. पोटात का दुखतं, हे तुमच्याकडून कुणी विचारलं नाही."

डॉक्टरांनी कागद वाचला आणि परत दिला. करोनाची टेस्ट केली, ती निगेटिव्ह आली.

टेस्ट झाली एवढंच मॅडमना कळवलं होतं. तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. "बरी आहेस ना? रिपोर्ट चांगला आलाय ना? मग ये. पाहुणे यायचेत."

मी त्यांना वास कसला होता ते सांगितलं. सगळं, आहे त्या शब्दांत.

"ईऽ, अगं, मला सांगायचंस ना. आपल्याकडे डॉक्टर होते त्या दिवशी. तू काय परकी आहेस का? आमच्या घरचीच तू."

"डॉक्टर तिथंच बसले होते मॅडम. तुम्ही वासाचं बोललात ते त्यांनीही ऐकलं."

मी म्हणाले, "मी येणार नाही. दुसरी बाई बघा. आणि तिला वास आला, तर आधी विचारा, दुखतंय का." घरात त्या महिन्याचं कसं भागणार हे मला माहीत नव्हतं. तरी फोन परत केला नाही.

मी बरी झालेले नाही. रिंग रुतली तिथे लघवीच्या पिशवीला भोक पडलंय. लघवी थांबत नाही, थेंब थेंब गळते. मी दिवसाला सात-आठ फडकी बदलते, म्हणून लग्नाला जात नाही, कुणाच्या गाडीवर मागे बसत नाही. मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन करायचं ठरलं, तारीखही मिळाली, आणि दुसरी लाट आली. फोन आला. "प्लॅन केलेली ऑपरेशनं सध्या बंद आहेत. नंतर कळवू."

पण गोलात मी बोलले ते गावात माझ्याआधी पोचलं होतं. जुलैत होते तसे आमच्या गावचे कुणी या वेळीही तिथे होते. काहींनी तोंड वाकडं केलं. बायका मात्र यायला लागल्या. दुपारच्या, एकेकट्या. कुणाची रिंग दीड वर्षाची. कुणाला गाठ लागते आणि नवऱ्याला माहीत नाही. डोंगराकडच्या वाडीतली एक म्हातारी दाराशी बसली, पदराचं टोक गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "कुनाला बोलले नाय गं आजवर. तुलाच बोलते."

सोमवारी आम्ही पाच जणी त्याच हॉस्पिटलला जाणार आहोत. टेंपो सांगून ठेवलाय. भीती मला आजही वाटते. ऑपरेशन झालं नाही तर काय होईल, झालं आणि बिघडलं तर काय होईल, हे रोज पहाटे डोक्यात येतं.

खिडकीवर आधी मी बोलणार. मग एकेकीने आपलं दुखणं आपल्या तोंडाने सांगायचं. जिचा आवाज फुटणार नाही, तिचं मी सांगणार. "नंतर या" म्हणाले तर तारीख मागणार, कागदावर, सहीशिक्क्यानिशी. ती हातात पडेपर्यंत पाचही जणी गोल सोडणार नाही. पोलीस बोलावले तर पोलिसांनाही सांगणार, मोठ्यानं, की आमचं अंग बाहेर येतं आणि तुमच्या सरकारला ते तातडीचं वाटत नाही.