वैशूच्या वहीतले हसरे चेहरे

फोन आला तेव्हा मी वडशाला तालमीत होतो, नकली मिशी चिकटवून. झाडीपट्टीच्या नाटकांतला विनोदी नट मी. बहिणीचे यजमान फोनवर एवढंच म्हणाले, "भाऊ, वैशू गेली..." मी तसाच बसमध्ये बसलो. समोरची म्हातारी सिंदेवाहीपर्यंत माझ्याकडे पाहून पदराआड हसत होती. तिचा काय दोष? मिशी अजून तोंडावरच होती.

वैशू माझी भाची, बहिणीची थोरली, अकरा वर्षांची. बाप गावच्या तलावात मासे धरतो. आमच्याकडे मामानं भाचीच्या पाया पडायचं असतं, आणि हा हक्क ही पोरगी ठाणेदाराच्या तोऱ्यात वसूल करायची. मी दारात आलो की पाय पुढे. "काऊन मामा, कंबर गेली का तुही?" मी धाडकन लोटांगण घालायचो, ती पोट धरून हसायची.

अंगणवाडीत रक्त तपासलं तेव्हाच तिला सिकलसेल निघाला होता. या आजारात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात आणि हाडं आतून कोणी ठेचावं तशी दुखतात. ती किंचाळायला लागली की बहीण घरामागच्या सांदवाडीत जाऊन रडायची. मला ते पाहवेना. म्हणून मी पोरीला माझ्याजवळची एकमेव विद्या दिली. "हे पाह्य वैशू, पडदा उघडला की नटाचं काहीच दुखत नाई. हास!" ती शिकली, माझ्यापेक्षा सरस शिकली. पाय सुजलेले असताना पडल्या पडल्या सरपंचाची नक्कल करायची. सगळं घर हसायचं, आणि मला कोण अभिमान!

मागच्या वर्षी मुलांच्या दुखण्याचा अभ्यास करणाऱ्या एक डॉक्टरबाई गावात आल्या. त्यांनी सिकलच्या पोरांना एकेक वही दिली. प्रत्येक पानावर चेहऱ्यांची रांग, पहिला हसरा, शेवटचा रडका. रोज जेवढं दुखेल त्या चेहऱ्यावर खूण करायची. रडक्यांवर खुणा वाढल्या की बाई त्या पोराचं औषध बदलणार, मोठ्या दवाखान्यात नेणार. वैशूच्या वहीत पहिल्या पानापासून खुणा हसऱ्यावरच.

बहिणीनं एकदा माझ्यादेखत विचारलं, "काल तर पाय आपटून राह्यली होतीस. मग इथी काऊन खूण केली?"

"मामानंच सांगतलं ना! पाहुण्यासमोर रडकं तोंड नाई दाखवाचं."

मी टाळी वाजवली. खरंच वाजवली... बाईंनी वही चाळली, हिचं बरं चाललंय म्हणाल्या आणि जास्त दुखणाऱ्या पोरांकडे गेल्या. त्यांनी दुसरं काय करावं?

शेवटी ताप आला, दुखणं छातीत शिरलं. दोन दिवस ती विचारणाऱ्या प्रत्येकाला "बरी आहो मी" म्हणत राहिली. श्वास लागला तेव्हा गाडीत घातली. दवाखाना आलाच नाही.

परवा बहिणीकडे गेलो. वैशूच्या खाटेवर आता धाकटी चिमी निजते. सहा वर्षांची. तिच्याही रक्तात तेच निघालंय. गुडघे टम्म फुगलेले. मी खाटेशी बसून हात जोडले. "चिमे, रड बाई. मोठ्यानं रड. मामा सांगून राह्यला."

तिनं ओठ घट्ट दाबले. "ताई नाई रडे," म्हणाली.

मग माझे डोळे पाहून, मला बरं वाटावं म्हणून, हसली.