सोनाळ्याची झिरो लाईन

"तार बांधावर ठोकतात. सोताच्या शेताच्या पोटात कोण ठोकते?"

"बॉर्डरवर असंच असते, विमल. झिरो लाईनवर, म्हंजे सीमेच्या रेषेवर, कुंपण नसते, ते आत असते. बाहेर जागा सोडा लागते."

"तिकडं समोर परका देश होता. अठी रंगराव आहे."

"नियम म्हणजे नियम."

"मग त्या रोह्यांले वाचून दाखवा. तुरीच्या दोन ओळी आडव्या करून गेले."

सकाळी आठ वाजता सोनाळ्यात हे भांडण ऐकायला अंगणात मी होते, घराला आणि शेतालाही शेजारी असलेले रंगराव होते आणि त्यांचे दोन कुत्रे. कुत्रे विमलकाकूंच्या बाजूला बसले होते.

शेषरावकाका सीमा सुरक्षा दलात बावीस वर्षं होते, त्यातली शेवटची आठ बंगालच्या सीमेवर. निवृत्त होऊन गावी आले, तर इथे सातपुड्यातून उतरणारी डुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी. यंदा दिवाळीनंतर त्यांनी तीन एकरांना कुंपण घातलं. दोरी स्वतः धरली, पावलं स्वतः मोजली, खांब सिमेंटमध्ये पक्के केले. सगळं झाल्यावर काकूंच्या लक्षात आलं की रंगरावांच्या बाजूला तार बांधापासून पंधरा पावलं आत आहे आणि सहा ओळी तूर बाहेर राहिली आहे. तीच तूर, जिचं बी काकू दरवर्षी मडक्यात राखतात आणि जिच्या डाळीवर आमच्या घराचं वर्ष निघतं.

काकांना चूक कळली नसेल असं नाही. पण हात सवयीनं चालले होते आणि रंगराव बघत होते. म्हणून त्यांनी तारेत एक फाटक बसवलं आणि त्याची वेळ ठरवली: सकाळी सात ते संध्याकाळी पाच. पहिल्याच दिवशी त्यांनी काकूंना फाटकात अडवून कुठं चालली म्हणून विचारलं. काकू म्हणाल्या, "तुमच्या वरणाची सोय कराले."

चहाच्या टपरीवर सीमेचा विषय निघाला की रंगरावांना पूर्ण देशाभोवती भिंत हवी असते. काकांना भिंत नको, पण कुंपण हवंच. त्यांच्या कपाळावर दगडाची खूण आहे. धुक्यात गुरं पळवणाऱ्यांनी मारलेला. "तार माणसाले थांबवत नाही, रंगराव. उशीर करवते. तेवढ्या उशिरात जवान पोचला पायजे," असं ते सांगतात. मग हमखास तिथल्या एका म्हाताऱ्याच्या गोष्टीवर येतात. त्याचं शेत तारेपलीकडे, पण आपल्याच देशात. कोण कधी घुसणार याची खबर तोच आणून द्यायचा. एकदा फाटक दोन तास उशिरा उघडलं आणि त्याचं कापलेलं धान पावसात भिजलं. किल्ली काकांकडे होती.

तुरीसाठीही काकांनी गस्त सुरू केली. पहाटे शिट्टी, काठी, मागे रंगरावांचे कुत्रे. दहा दिवस एक शेंग गेली नाही. काकांनी बंदोबस्त यशस्वी झाल्याचं टपरीवर जाहीरही केलं. अकराव्या दिवशी ते हयातीचा दाखला द्यायला बुलढाण्याला गेले, मुक्कामी राहिले, आणि रोह्यांनी डाव साधला. रंगरावांनी डबा वाजवून त्यांना हाकललं म्हणून चार ओळी तरी उरल्या.

"गस्त वाढवतो," काका आता म्हणत होते. "दोनदा करतो."

"अन् दाखला द्याले कोण जाईन? मी?"

रंगराव हसले. काकाही हसणार होते, पण काकूंचा आवाज खाली आला.

"त्या म्हाताऱ्याचं धान भिजलं तं तुम्ही आजूक घास थांबवून सांगता. मी बी तारेच्या बाहेरच उभी आहो. तुमच्या फाटकाची वाट पाहून राह्यली."

"तुझ्यासाठी फाटक केलं ना."

"फाटक कोणासाठी करतात? बाहेरच्यासाठी. मग सांगा, मी तुमच्या आत आहो का बाहेर?"

 काकांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं, चोरी पकडली गेल्यासारखं. भिंतीला टेकवलेली पहार त्यांनी खांद्यावर घेतली, रंगरावांच्या हातात फावडं दिलं, आणि खांब उपटून बांधावर न्यायला दोघं शेताकडे निघाले.