झडपेजवळची गाठ आणि माझी पैठणी

इको तपासणीत माझ्या हृदयाच्या झडपेजवळ गाठ दिसली. ट्यूमरची शंका होती. भेटायला आलेली थोरली नणंद खूप रडली आणि जाताना माझी कोरी येवल्याची पैठणी घेऊन गेली. "तुला आता कुठं नेसायचीय? मीच घडी मोडते."

मग नाशिकला सीटी स्कॅन झालं. ट्यूमर नव्हताच. झडपेच्या कडेला साठलेलं कॅल्शियम आतून मऊ पडलं होतं. क्वचित होतं म्हणे, पण घातक नाही. नणंदेला मी मुद्दामच कळवलं नाही.

तिच्या मुलाच्या साखरपुड्यात ती तीच पैठणी नेसून मिरवत होती. विहीणबाईंनी पदर हातात घेऊन कौतुक केलं.

"माझीय ती," मी म्हणाले. "मी मरणार म्हणून वन्संनी आधीच नेली. लेकीला सांगून ठेवा, या घरात आजारी पडायचं नाही."