आत्याने खिडक्या उघडवल्या

माझ्या आत्याला लाँड्रीत सगळे ‘कडक आत्या’ म्हणायचे. तिची इस्त्री कडक आणि जीभ त्याहून. मीही तिथेच, मळके कपडे वेगळे करण्याच्या कामावर. त्यामुळे ती माझी एकटीची आत्या कधी राहिलीच नाही; तिच्या वयाच्या बायकासुद्धा तिला आत्याच म्हणत.

इस्त्रीघरात हॉटेलांच्या चादरी आणि दवाखान्यांचे गाऊन यायचे. वाफेवर चालणाऱ्या प्रेस दोन ओळींनी मांडलेल्या, आणि खिडकी एकही नाही. पूर्वी होत्या. पण रस्त्यावरची धूळ पांढऱ्या चादरींवर बसते म्हणून मालकांच्या वडिलांनी त्या विटा घालून बुजवल्या. तेव्हापासून आत वाफ, खळीचा वास आणि बायकांचा खोकला मुक्कामाला.

आत्याची पाठ धरली तेव्हा डॉक्टरांनी योगासनं सुचवली. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी एक निवृत्त शिक्षक वर्ग घ्यायचे. आसनं झाली की सर एका पातळशा पुस्तकातलं एखादं सूत्र वाचून अर्थ सांगत. पुस्तक संस्कृतातलं, पण लिहिणारा आपल्याच काळातला. अर्धं पुस्तक श्वास आणि मन यांच्यावर, अर्धं माणसांनी एकमेकांशी कसं वागावं यावर.

“आत्ताचं संस्कृत?” आत्याने विचारलं होतं. “मला वाटलं, ते हजारो वर्षांपूर्वीच लिहून संपलं.”

“दुखणी संपली नाहीत, तोवर औषधं कशी संपतील?” सर म्हणाले. “गंमत एवढीच, की पहिला अर्धा भाग सगळ्यांना हवा असतो. दुसऱ्या भागापाशी आलो की लोक चपला शोधायला लागतात.”

आत्या मात्र दुसऱ्या भागालाही बसून राहिली. पाठ सुधारत गेली, पण खोकला हटेना. मालकांनी तो ऐकला. ते काही वाईट माणूस नव्हते. एका शनिवारी त्यांनी आत्याला बोलावून सांगितलं, “सोमवारपासून तुम्ही पुढच्या काउंटरवर बसा. खुर्ची आहे, पंखा आहे. खूप वर्षं वाफ खाल्लीत.”

आत्या हुरळून गेली. आम्ही तिला मिठ्या मारल्या. आणि दुसऱ्याच दिवशी सरांनी सूत्र वाचलं: “एकाकी न मुच्यते. एकटा कुणीही सुटत नाही.”

आत्या ताडकन उठली. “सर, हे तुम्ही मुद्दाम माझ्यासाठी काढलंत!”

“नाही हो. मागच्या रविवारी इथवर आलो होतो, आज पुढचं.”

“मग त्या लिहिणाऱ्याला सांगा, उद्या माझी बदली आहे!”

सर हसले. “सुटणं वाईट, असं तो कुठे म्हणतोय? एकट्याचं सुटणं पुरं होत नाही, एवढंच.”

घरी येईपर्यंत आत्या त्या लिहिणाऱ्याला शिव्या घालत होती. सोमवारी मात्र ती काउंटरवर गेली नाही. सरळ मालकांपुढे उभी राहिली. “मला खुर्ची नको. इस्त्रीघराला खिडक्या द्या.”

मालकांना लागलं ते. “मी तुमच्या भल्याचं बघतोय आणि तुम्ही... धुळीचं काय? चादरी परत आल्या तर धंदा बसेल.”

आत्याने पुन्हा विचारलं, मग आणखी एकदा. उत्तर तेच, धूळ. आम्हाला वाटलं, खुर्चीही गेली आणि खिडकीही.

पुढे मालकांच्या मनात आलं, की कामगारांसाठी आरोग्याचा एक कार्यक्रम करावा. मोठ्या हॉटेलच्या मॅनेजरबाईंना बोलवावं, वरच्या हॉलमध्ये योगासनं व्हावीत, फोटो काढावेत. आत्याने सरांचं नाव सुचवलं आणि वर जोडलं, “मालक, हॉलपेक्षा इस्त्रीघरातच घ्या ना. काम करतो तिथेच शरीर सुधारू दे. फोटोही खरे येतील.”

फोटोचं मालकांना पटलं.

त्या सकाळी प्रेस नेहमीसारख्या तापल्या होत्या. दोन ओळींच्या मधे चटया घातल्या. पुढे मालक, शेजारी मॅनेजरबाई, मागे आम्ही. सरांचा चेहरा उतरला होता. ते आत्याच्या कानाशी पुटपुटले, “आत्या, आज माझं काही खरं नाही.”

“तुम्ही फक्त श्वास घ्यायला सांगा,” आत्या म्हणाली. “बाकीचं खोली बघेल.”

सरांनी घसा साफ केला. “डोळे मिटा. छाती भरून दीर्घ श्वास घ्या.”

मालकांनी घेतला. दुसऱ्या श्वासालाच त्यांना असा ठसका लागला, की डोळ्यांतून पाणी आलं. मॅनेजरबाई तोंडाला रुमाल लावून दारापाशी पळाल्या. कुणी हसलं नाही. मालक मात्र उठले नाहीत. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा खोकले, आणि मागे वळून आमच्याकडे पाहिलं.

“तुम्ही दिवसभर इथे श्वास कसा घेता?”

“छोटा छोटा,” आत्या म्हणाली. “सवयीने.”

मालकांनी डोळे पुसले. मग हळूच म्हणाले, “पण धूळ...”

“त्याला बारीक जाळ्या मिळतात,” मॅनेजरबाई दारातून म्हणाल्या. “आमच्या स्वयंपाकघराला आहेत. बसवणाऱ्याला पाठवते मी.”

“आजच पाठवा,” मालक म्हणाले.

गवंडी आला तेव्हा मालकांनी घण आत्याच्या हातात दिला. तिने पदर खोचला आणि पहिला घाव असा घातला, की गवंडी दोन पावलं मागे सरला. मग घण या हातातून त्या हातात फिरला. सर आले होते. त्यांनीही एक घाव घातला आणि मनगट चोळत बसले. वीट पडली की आरोळी, वीट पडली की आरोळी. शेवटी भगदाडातून वारा घुसला, घडी केलेल्या चादरी फडफडून जमिनीवर आल्या. एरवी चादरीला सुरकुती पडली तरी आकाशपाताळ एक करणारी आत्या, त्यांच्या मधोमध उभी राहून पोट धरून हसत होती.

उजेड आत आला आणि आम्हाला कळलं, की काळ्या वाटणाऱ्या त्या प्रेस मुळात हिरव्या रंगाच्या होत्या.