ऑपरेटरबाईंचा बिघाड

टेलिफोन एक्सचेंज बंद होऊन इतकी वर्षं झाली होती की त्या इमारतीत आता गाद्यांचं दुकान होतं. तरी गल्लीत त्यांना सगळे ऑपरेटरबाईच म्हणत. खालच्या मजल्यावरचा सुतार म्हणायचा, कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणायचा, आणि दोरी खोचून जोडलेला फोन ज्यांनी जन्मात पाहिला नव्हता तेही म्हणायचे. या हाकेला बाई लगेच वळून बघत. खऱ्या नावाने कोणी हाक मारली तर मात्र त्यांना क्षणभर वाटे, ही कोण?

लांबट खोली, शेजारी शेजारी बसलेल्या बायका आणि समोर भोकांची भिंत, असं ते एक्सचेंज होतं. एका भोकातला आवाज उचलायचा, दुसऱ्या भोकात नेऊन सोडायचा आणि मधे आपण नाहीच असं राहायचं. बाळंतपणं, मयत, मोडलेली लग्नं, सगळं त्यांच्या बोटांमधून गेलं आणि बोटांना काही चिकटलं नाही. एक अभिमान तेवढा चिकटला. त्यांच्या हातून कधी कॉल तुटला नव्हता. हे सांगताना त्यांची मान थोडी वर जाई. नवऱ्याने आयुष्यभर बस चालवली होती, आता एक अधू गुडघा आणि एक आरामखुर्ची एवढाच त्याचा ऐवज उरला होता. तो हमखास म्हणे, "आमचा संसार त्यामुळेच टिकला. हिला मधेच तोडायची सोय नाही."

एक्सचेंजमधल्या मोठ्या बाईंनी त्यांना तीन गोष्टी शिकवल्या होत्या. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्या तर देवालाही कळत नाही की कुठली लागू पडली. धूळ ही शत्रू, म्हणून प्रत्येकीने आपल्या सामानाला आपल्या हाताने लोकरीचं झाकण विणायचं. आणि तिसरी तर रीतच होती: जिला बिघाड सापडेल तिने तो बिघाड आपल्या जागेवर, डोक्याच्या वर, खिळ्याला टांगायचा. जळका फ्यूज असो, तुटकी दोरी असो. एखाद्या मेजरच्या छातीवर पदक तशी ती वस्तू तिथे लटकायची. एकदा ऐन गर्दीत अर्धं बोर्ड मुकं झालं होतं, तेव्हा बाईंनी आतून एक केसातली पिन काढली. ती पिन महिनाभर त्यांच्या डोक्यावर लटकत होती. कोणाच्या केसातून पडली, हे मोठ्या बाईंनी विचारलंसुद्धा नाही.

आणि आता, इतक्या वर्षांनी, पुन्हा कॉल घ्यायची संधी आली होती. एका हॉस्पिटलला घरी बसून फोन घेणारी माणसं हवी होती. कॉम्प्युटरवर फोन यायचा, कानाला हेडफोन लावायचा, पेशंटचं ऐकून घ्यायचं आणि योग्य डॉक्टरकडे जोडून द्यायचं. हे वाचलं तेव्हा बाई हसल्याच. "अहो, हे माझंच काम आहे. फक्त दोऱ्या काढून टाकल्यात."

सुनेने आपला जुना कॉम्प्युटर पाठवला आणि त्याच्याबरोबर वायफाय पकडणारं, बोटाच्या पेराएवढं डोंगल. इंटरनेटचा डबा होता पुढच्या खोलीत आणि कॉम्प्युटर मागच्या. वायर टाकायची तर ती स्वयंपाकघरातून, उंबऱ्यावरून, थेट नवऱ्याच्या गुडघ्याच्या वाटेतून जाणार. म्हणून डोंगल. ते कॉम्प्युटरच्या पुढच्या बाजूला खोचलं की एक हिरवा ठिपका लुकलुकायला लागे. तारेशिवाय, कशालाही न धरता आवाज येतो-जातो हे बाईंना आधी जरा अधांतरी वाटलं. मग त्यांनी नेहमीचं केलं. खाली सुताराचं दुकान होतं, लाकडाचा भुसा जिन्याने चढून घरात येई. पडद्याला झाकण, कीबोर्डला झाकण, आणि डोंगलला जाड लोकरीचं, घट्ट विणीचं निळं टोपडं. पडद्याचं आणि कीबोर्डचं झाकण कामाला बसताना काढावंच लागे. डोंगल काही दाबायचं नव्हतं की बघायचं नव्हतं. ते बाळ आपलं टोपडं घालून बसलेलं असे.

"या घरात आता उघडं डोकं फक्त माझंच राहिलं," नवरा टकलावरून हात फिरवत म्हणाला.

"तुमच्यात काही बिघडण्यासारखं उरलंय का?"

हॉस्पिटलने ठेवलेल्या पहिल्या चाचणीच्या दिवशी बाई केस विंचरून, इस्त्रीची साडी नेसून बसल्या, जणू आवाजातून साडी दिसणार होती. सुरुवातीचे कॉल लोण्यासारखे गेले. मग एक माणूस घाईघाईने बोलायला लागला. "माझ्या आईला ना सकाळपासून..." आणि गप्प. पडद्यावरचा बाण जागच्या जागी उभा. कोपऱ्यातलं घड्याळ थांबलेलं. कीबोर्ड बडवला तरी काही हलेना. बटण दाबून कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत तो माणूस कुठल्या कुठे गेला होता.

दुसऱ्या चाचणीतही तेच झालं. हॉस्पिटलच्या बाई सभ्यपणे म्हणाल्या, "तुमचा आवाज छान आहे हो. पण आमचे पेशंट मधेच तुटलेले चालत नाहीत. सोमवारी शेवटचं बघू."

त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. काम गेलं तर घर काही अडणार नव्हतं. पण "सकाळपासून"च्या पुढे काय होतं, हे त्यांना कधीच कळणार नव्हतं. ते अर्धं वाक्य भिंतीतल्या रिकाम्या भोकासारखं त्यांच्याकडे बघत होतं.

मेकॅनिकला बोलावलं. हा मोठा गुणी माणूस, पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचा, आता कॉम्प्युटर करतो. त्याची पावलं जिन्यात वाजली की बाई भराभर सगळी झाकणं काढून घडी करून बाजूला ठेवत. ही एक्सचेंजचीच शिस्त. इंजिनिअरला झाकलेलं बोर्ड दाखवायचं म्हणजे पाहुण्यासमोर पांघरूण घेऊन लोळायचं.

मेकॅनिक चहा पिता पिता बघत बसला. कॉम्प्युटर शहाण्या मुलासारखा चालला.

"मावशी, याला काही झालेलं नाही."

"तू आहेस म्हणून. तू गेलास की बघ."

"माझी बायको पण असंच म्हणते," मेकॅनिक म्हणाला. तरी त्याने हयगय केली नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे त्यालाही ठाऊक होतं. एकदा येऊन त्याने डोंगल मागच्या भोकात लावून पाहिलं. पुढच्या खेपेला वीज वाचवण्यासाठी डोंगलला मधेच झोपवणारी सोय बंद केली. तिसऱ्या खेपेला म्हणाला, "याला चालवणारा ड्रायव्हर जुना झालाय, बदलून टाकतो."

"मलाही डेपोत हेच सांगितलं होतं," आतून नवऱ्याचा आवाज आला.

दर वेळी तो असेपर्यंत सगळं सुरळीत. तो गेला, बाईंनी घर आवरलं, पुन्हा बसल्या, की थोड्या वेळाने बाण थिजलेला. शेवटी मेकॅनिक म्हणाला, "मावशी, नवीन डोंगलच घ्या. माझ्याकडचं देतो."

"नको. बिघाड सापडल्याशिवाय वस्तू बदलायची नाही. तो नव्यात जाऊन बसतो."

मेकॅनिक हसला, पण मान हलवून. "खरंय. पण मग तो सापडायला हवा."

रविवारी दुपारी बाई कॉम्प्युटरसमोर हाताची घडी घालून बसल्या होत्या. नेटवर बातम्या लावल्या होत्या. बातम्या देणारीचं तोंड उघडं राहून ती गोठली होती, दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखी. बाईंनी कॉम्प्युटर पुन्हा चालू केला आणि आरामखुर्चीकडे वळल्या.

"अहो, उठा. तुम्ही मेकॅनिक व्हा."

"काय?"

"तो असला की चालतो, गेला की बंद पडतो. म्हणजे तो आल्यावर या खोलीत काहीतरी बदलतं. ते काय, ते बघायचंय. एकेक करून."

नवऱ्याने गुडघा सांभाळत मेकॅनिकच्या स्टुलावर बैठक मारली. बातम्या सुरू केल्या. चहा निवेपर्यंत बातम्यांची बाई गोठली. मग मेकॅनिकला उकडतं म्हणून खिडकी उघडली जाई, ती उघडली. बाई गोठली. मग पंखा. मग त्याला देतात त्या कपबशीत चहा. "मला रोज फुटक्या कपात देतेस ते मुद्दाम का?" नवऱ्याने विचारलं. बाई गोठलेलीच. आता पडद्यावरच्या बाईंचा आणि घरातल्या बाईंचा चेहरा सारखाच दिसत होता.

"जाऊ दे ग," नवरा हळूच म्हणाला. "तू कॉल तोडत नाहीस हे मला माहीत आहे. हॉस्पिटलला नसलं तरी."

बाईंनी स्टुलाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुम्ही मधूनच सुरुवात करताय. तो स्टुलावर उगवत नाही. तो जिना चढून येतो."

"या गुडघ्याने मी जिना चढू?"

"दाराबाहेर जा. तिथूनच या."

तो गेला. बाहेर पायऱ्यांवर त्याने चपला आपटल्या, खोकला, आणि मेकॅनिकच्या आवाजात ओरडला, "मावशी, आहात का?" त्या हाकेने बाईंना हसू फुटलं. आणि हसता हसता, मनात काही नसताना, त्यांचे हात उठले. पडद्याचं झाकण आधीच काढलेलं होतं, कीबोर्डचंही. हाताने उरलेलं तेवढं काढलं, दुमडलं, मुठीत घेतलं.

बाई थांबल्या. त्यांनी मूठ उघडली. निळं टोपडं. आणि ते गरम होतं. तव्यावरून आत्ता उतरवल्यासारखं.

त्यांनी डोंगलला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं.

"मावशी, चहा टाकता ना?" दारातून मेकॅनिक म्हणाला.

"गप्प बसा," बाई म्हणाल्या. "बिघाड सापडला."

पण नुसतं सापडून भागत नाही. बाईंनी डोंगल निवू दिलं आणि उघड्या डोंगलवर बातम्या लावल्या. नवऱ्याचा खराखुरा चहा झाला, दुसरा झाला, बातम्या संपून हवामान आलं आणि पुन्हा पहिल्यापासून त्याच बातम्या आल्या. सगळं चाललं. मग त्यांनी टोपडं चढवलं. थोड्या वेळाने बातम्यांची बाई गोठली. काढलं, निवू दिलं, चालू केलं, चाललं. बाकी सगळं होतं तसं, एकच गोष्ट खाली-वर. घामेजलेलं बाळ लोकरीत गुदमरून बेशुद्ध पडत होतं आणि जाताना अख्खा कॉम्प्युटर सोबत घेऊन जात होतं. भुसा येऊ नये म्हणून बाईंनी वारासुद्धा येऊ दिला नव्हता.

नवरा टोपड्याकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने बघत होता. काहीतरी बोलण्याची त्याला फार इच्छा झाली होती, ती त्याने गिळली.

"बोला, बोला," बाई म्हणाल्या.

"नाही, मी म्हणत होतो, माझं उघडं डोकं किती फायद्याचं ठरलं बघ."

सोमवारी त्या पुन्हा केस विंचरून, इस्त्रीची साडी नेसून बसल्या. डोंगल उघडं होतं, शेजारी भुसा झटकायला रंगाचा मऊ ब्रश. कॉल येत गेले. एक बाई डॉक्टरांवर चिडली होती, एक म्हातारा नुसताच बोलायला आला होता, कोणाला तरी काय होतंय हे सांगताच येत नव्हतं. बाईंनी सगळ्यांना धरून नेलं आणि योग्य दारात सोडलं. मधे त्या नव्हत्याच. "माझ्या आईला" म्हणणारा काही पुन्हा आला नाही. आला असेल तर दुसऱ्या कोणाकडे आला असेल. पण सकाळच्या एकाही वाक्याला त्यांच्याकडे अर्ध्यावर थांबावं लागलं नाही.

शेवटी हॉस्पिटलच्या बाईंचा फोन आला. "एकही तुटला नाही! उद्यापासून रोज बसाल ना? आणि काय बिघडलं होतं हो?"

आरामखुर्ची कुरकुरली. नवऱ्याने कान टवकारले होते. आता ही हवामानाचं नाव सांगते की मेकॅनिकचं, असा त्याचा चेहरा.

"मी डोंगलला लोकरीची टोपी घातली होती," बाई म्हणाल्या. "तापून बंद पडत होतं. घातलीही मीच, शोधलीही मीच."

पलीकडे मोठ्ठं हसू. बाई हसणं संपेपर्यंत थांबल्या, मग खणखणीत आवाजात म्हणाल्या, "उद्या बसते." फोन त्यांनी ठेवला नाही. पलीकडून ठेवल्याचा आवाज आल्यावरच हेडफोन काढला. पहिल्यापासूनची सवय.

संध्याकाळी मेकॅनिक आला. त्याने टोपडं हातात घेतलं, विणीतून दिव्याकडे बघायचा प्रयत्न केला. उजेड पलीकडून येईना. "मावशी, हे मला दहा जन्मात सापडलं नसतं. मी यायच्या आधीच तुम्ही ते काढून ठेवायचात! आता कुठेही डोंगल अडलं की मी आधी विचारणार, ऑपरेटरबाईंचा बिघाड तर नाही ना?"

बाईंची मान थोडी वर गेली. त्यांनी नवऱ्याला खालून सुताराकडून हातोडी आणि एक खिळा आणायला लावलं. गुडघ्याची तक्रार न करता तो गेला, कारण खिळा कशाला हे त्याला कळलं होतं. कॉम्प्युटरच्या वर, बसल्यावर बरोबर डोक्याशी येईल अशा उंचीवर, बाईंनी तो ठोकला आणि निळं टोपडं त्याला टांगलं.

"आपली चूक कोणी अशी भिंतीवर लावतं का?" मेकॅनिकने विचारलं.

"चूक नाही लावलेली," बाई म्हणाल्या. "सापडलेलं लावलंय." आणि दोन पावलं मागे सरकून, मान तिरकी करून, ते सरळ लटकतंय ना हे त्या बघत राहिल्या.