दहा सशांची कुपी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका लसीवर विश्वास असलेला माणूस अख्ख्या चंदीगडात सापडणार नाही, आणि घरात सुई टोचायची वेळ आली की त्यांच्याइतका घाबरणाराही सापडणार नाही. ही दोन माणसं एकाच बनियनमध्ये कशी मावतात, हे मला तीन वर्षं त्यांच्या खाली राहूनही उमगलं नाही. काका मूळचे वर्ध्याचे. इथल्या वैद्यकीय संस्थेत त्यांनी उभी हयात काढली, तीही गावोगावच्या लसीकरणाच्या मोहिमा आखण्यात. माझ्या नवऱ्याची हवाई दलातली बदली इकडे झाली, तेव्हा सरकारी घर मिळेपर्यंत म्हणून आम्ही त्यांच्या तळमजल्यावर भाड्याने राहिलो आणि घर मिळाल्यावरही हललो नाही. कारण विचारलं की मी काकूंच्या हातच्या कढीचं नाव सांगायचे. खरं कारण काका होते.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी मोहीम त्यांच्या अंगातून उतरली नव्हती. फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवलेला असे. सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला काका आतलं तापमान बघून त्यावर लिहीत आणि पुढे सही करत. आत असायचं काय, तर दूध, कोथिंबीर आणि काकूंचा मुरांबा. वीज गेली की 'कोणी दार उघडू नका!' अशी हाक जिन्यातून खाली यायची आणि आम्हीही गुपचूप आमच्या फ्रिजपासून दूर उभे राहायचो. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ते श्रीखंड आणत ते लसीच्या निळ्या पेटीत, चारी बाजूंनी बर्फाच्या चपट्या बाटल्या लावून, आणि वाढायच्या आधी पेटीतला थर्मामीटर अध्यक्षांना दाखवत. अध्यक्ष मान डोलावत. त्याशिवाय पंगत सुरू होत नसे.

एवढा शिस्तीचा माणूस, पण घरचा निर्णय म्हटला की त्यांचे हातपाय गळायचे. जुन्या पाकिटाच्या पाठीवर मधोमध रेघ मारून एका बाजूला 'हो' आणि दुसऱ्या बाजूला 'नाही' लिहायचं, आणि दोन्हीकडची कारणं सारखी भरली की पाकीट खिशात घालून फिरायचं, ही त्यांची पद्धत. सेक्टर बावीसच्या बाजारात स्वेटर घ्यायला गेले तेव्हा मी सोबत होते. दुकानदाराने त्यांना पाहताच स्टूल पुढे केलं, चहा सांगितला आणि अगदी आदबीने विचारलं, "डॉक्टर साब, पिछले साल वाला ही निकालूँ?" मागच्या हिवाळ्यातला तोच राखाडी स्वेटर निघाला. काकांनी तो उलटसुलट करून पाहिला, चहा प्यायले आणि "अभी सोचते हैं" म्हणून उठले. काकू म्हणतात की लग्नाच्या वेळीसुद्धा पाकीट होतं, फक्त ते काकांच्या आईने चुलीत घातलं.

तर अशा माणसाच्या घरात दोन ससे होते. पांढरा तो साबू आणि तपकिरी तो चिकू. दोघेही काकांच्या लेकीचे. ती कॅनडाला शिकायला गेली आणि जाताना ससे बापाच्या ओटीत घालून गेली. पोरगी इथेच वाढलेली, मराठी सगळं समजायचं, पण उत्तर कायम हिंदीत. "बाबा, मेरे आने तक ये दोनों मुझे ठीक-ठाक चाहिए, पक्का," एवढं बजावून ती विमानात बसली. तेव्हापासून काका त्या सशांना आपले म्हणत नसत. 'ठेव आहे' म्हणत.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडाशी बातमी आली की मोहालीत कुणाचे तरी ससे दोन दिवसांत पटापट गेले. रोग कोणता ते पक्कं कळलं नाही, पण सशांच्या डॉक्टरीणबाईंना ज्याचा संशय होता त्याची लस घेतलेली बरी, असं त्यांनी सुचवलं. काकूंचं म्हणणं, ससे गॅलरीपलीकडे पाऊल टाकत नाहीत, त्यांना काहून रोग होईल? काकांनी पाकीट काढलं. "ससे घरातले, कबूल," ते मला म्हणाले, "पण त्यांचा बरसीमचा चारा पिंजौरहून येतो. डास कुठून येतात ते डासांनाच माहीत. आणि तुझ्या चपला?" माझ्या चपला तेव्हापासून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर राहू लागल्या. पाठोपाठ गॅस सिलिंडरवाल्याचे बूट आले, मग पोस्टमनचे, आणि आठवडाभरात जिना एखाद्या गुरुद्वाऱ्याच्या जोडाघरासारखा दिसू लागला.

पण दुसरी बाजूही तितकीच भरत होती. साबू वयाने मोठा, अंगाने नाजूक. लस सोसली नाही तर? एका दुपारी ते जिन्यातच बसले होते. पाकीट हातात होतं आणि आवाज एकदम खाली गेला होता. "हे बघ पोरी, टोचली आणि काही झालं, तर ते मी केलं. नाही टोचली आणि काही झालं, तर ते मी केलं नाही म्हणून झालं. दोन्हीकडे मीच. तिला फोनवर काय सांगू?"

लेकीने तिकडून सोडवणूक केली नाही. "बाबा, आप तो डॉक्टर हो यार!" म्हणून ती मोकळी झाली. डॉक्टरीणबाईंचा फोन मात्र दर दोन दिवसांनी यायचा, लस टोचायची की नाही ते पक्कं सांगा म्हणून. "अंकल जी, पक्का दस्सो, टीका लाउणा है कि नहीं?" शेवटी त्यांनीच एक अडचण सांगितली. लसीची एक कुपी दहा सशांची असते. एकदा उघडली की त्याच दिवशी संपवायची, उरली ती टाकायची.

हे ऐकलं आणि काका ताडकन उठले. आठ मात्रा फुकट! आयुष्यभर एकेका वाया गेलेल्या मात्रेसाठी त्यांनी भल्याभल्यांना उन्हात उभं केलं होतं. पाकीट त्याच क्षणी कचऱ्यात गेलं. दोन सशांचं काय करावं हे ज्यांना महिनाभर कळेना, त्यांना दहा सशांचं काय करायचं ते एका मिनिटात कळलं. दोन ससे म्हणजे घरचे होते, दहा ससे म्हणजे मोहीम. चार दिवसांत त्यांनी पंचकुल्याच्या एका दंतवैद्य बाईंचे तीन ससे नोंदवले, मोहालीच्या दोन बहिणींचे चार, आणि विद्यापीठाच्या वसतिगृहात कपाटामागे लपवलेला एक. ऐनवेळी एखादा आला नाही तर हाताशी राखीव ससा असावा, म्हणून मंडळाच्या ग्रुपवरही निरोप टाकला: 'रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या घरी लसीकरण. कार्ड असल्यास सोबत आणावे.' महिनाभर डोक्यात सशांशिवाय दुसरं काही नसल्यामुळे निरोपात ससा लिहायचा राहून गेला.

रविवारी दहाच्या ठोक्याला मंडळ लोटलं. दोन तान्ही बाळं कार्डासकट आली. एक निवृत्त कर्नल शर्टाची बाही दंडापर्यंत गुंडाळूनच जिना चढले आणि टोपल्यांमधल्या सशांकडे बघत म्हणाले, "फ्लूचीच आहे ना, डॉक्टर?" काका जराही गडबडले नाहीत. बाळांची कार्डं तपासून त्यांनी एका आईला राहिलेल्या डोसबद्दल चांगलं फैलावर घेतलं, कर्नलसाहेबांना टोपल्यांची रांग लावायला बसवलं, आणि वसतिगृहातल्या मुलीला सशाचं नाव, वय आणि पालकाचं नाव विचारलं. एक टेबल नोंदणीला, एक टोचायला, आणि टोचल्यावर अर्धा तास बसायला सतरंजी. काकूंनी सगळ्यांना पोहे दिले, सशांना कोथिंबीर.

आठ ससे बिनबोभाट उरकले. नववा साबू. डॉक्टरीणबाईंनी सुई भरली आणि मागे बघितलं तर काका नव्हते. काकूंनी मला दाराकडे खूण केली. "जिन्यात असतील. लेकीच्या प्रत्येक टीक्याला हे जिन्यातच उभे होते. गावभरच्या पोरांना टोचत हिंडले, पण तिला कधी धरलं नाही." मी डोकावले. चपलांच्या गर्दीत काका भिंतीकडे तोंड करून उभे होते. मला त्या क्षणी त्यांची इतकी माया आली की हाकही मारवेना. मी आत येऊन साबूला मांडीवर घेतलं. बाईंनी मानेमागची कातडी चिमटीत धरली, टोचलं, आणि झालं. साबूने कोथिंबिरीची काडी तोंडातून खाली टाकली नाही. चिकूचंही तसंच उरकलं. "झालं का?" जिन्यातून विचारणा झाली, "मोठ्याने ओरडला नाही ना?"

इतर सशांना अर्धा तास बसवलं, आपल्या दोघांना काकांनी आठवडाभर. फ्रिजवरच्या कागदाला साबू आणि चिकू असे दोन रकाने वाढले. दोघे खडखडीत होते.

मार्चमध्ये आमची बदली झाली आणि आम्ही जोधपूरला आलो. निघताना काकांनी मला फ्रिजमध्ये ठेवायचा एक थर्मामीटर दिला. साबू पावसाळ्यात गेला, वय होऊन, गॅलरीतल्या त्याच्या गोणपाटावर, शांतपणे. काकांनी फोनवर पहिलं विचारलं, "टोचली म्हणून नाही ना गं?" मी म्हटलं, "काका, आठ महिने झाले त्याला." "हो, ते मलाही कळतं. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं," ते म्हणाले.

परवा रविवारी पुन्हा फोन आला. लेक सुट्टीला घरी आली होती आणि चिकूच्या लसीची तारीख आली होती. यंदाही दहा ससे जमले होते, कर्नलसाहेब रांग लावायला आपणहून आले होते. चिकूची पाळी आली तशी लेक टोपलीपाशी बसली आणि बापाला म्हणाली, चक्क मराठीत, "बाबा, या इकडे. दोघं मिळून धरू." एवढं सांगून काका थांबले. मला राहवेना. मी विचारलं, "मग? तुम्ही कुठे होतात?"

"मी सांगितलं तर तुझा विश्वास बसायचा नाही," ते म्हणाले आणि फोन काकूंच्या हातात दिला. मग नाक पुसल्याचा आवाज आला आणि त्या म्हणाल्या, "नव्हते गं. आज जिन्यात नव्हते."