देवराईतली काठी

वेल्ह्याच्या डोंगरातल्या त्या देवराईचा विषय निघाला, की आजही माझ्या अंगावर काटा येतो. पोलिसाच्या नोकरीत मारामाऱ्या खूप पाहिल्या. पण मारणारा आणि मार खाणारा दोघेही एकाच काठीला घाबरलेले तेवढे एकदाच पाहिले.

कॉलेजात पोरांचे दोन गट होते, एक पेठेतला आणि एक वरच्या वाडीतला. भांडणाचं मूळ म्हणजे एसटीचं मागचं बाकडं. हसू नका, त्या वयात तेवढं कारण पुरतं. एका संध्याकाळी पेठेतला सतरा वर्षांचा मुलगा देवराईच्या कडेला बेशुद्ध सापडला. डोक्याला मार होता, गुडघा फुटला होता. पुण्याच्या दवाखान्यात तो शुद्धीवर न येता एकच वाक्य पुटपुटत राहिला, "ठेव ती परत." काय ठेवायचं, ते आईला कळेना. तो जगेल की नाही हे डॉक्टरांना सांगता येईना. ही बातमी त्या वाक्यासकट वाडीपर्यंत पोचली होती.

वाडीतल्या सात पोरांना मी पालकांसमक्ष बोलावलं. पोरं अल्पवयीन, म्हणून गणवेश न घालता शाळेच्या ओट्यावर बसून चौकशी केली. सातही जणांनी एकच उत्तर दिलं, "आमी त्या दिशी तिकडं गेलोच न्हाई." शब्द तेच, क्रमही तोच. पाठ केलेलं खोटं मला नवीन नव्हतं, पण ही पोरं खोटं बोलताना माझ्याकडे न बघता देवराईच्या दिशेला बघत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी वाडीचा गुरव ठाण्यात आला.

"देवाचं लाकूड कुणीतरी नेलं हुतं, साहेब. धुऊन परत आणून ठेवलंय."

त्या राईतली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला नेत नाही. मी ठाणे डायरीत नोंद घेत होतो, तेवढ्यात फोन आला की मुलाने डोळे उघडले. हवालदाराने दोन्ही नोंदींच्या वेळा पाहिल्या आणि माझ्याकडे बघत राहिला. मी योगायोग म्हणालो, पण ते माझं मलाच पटलं नाही.

भर दुपारी पंचनाम्याला गेलो. मुलगा सापडला ती जागा पाहून कुणी बोलतं का, म्हणून सातही पोरांना वडिलांसोबत बाहेर उभं केलं होतं. आत पाऊल टाकलं आणि ऊन, गुरांच्या घंटा, सगळं एकदम थांबलं. देवाच्या दगडाला टेकून काठी उभी होती, टोकाला तडा गेलेली. पंच सही करायला तयार होते, काठीला हात लावायला नाही. हवालदारही मागे सरला. शेवटी मीच वाकलो. तेव्हा सातांपैकी एक पोरगा अनवाणी आत धावत आला.

"साहेब, ती भायेर नेऊ नका. म्या एकदा नेली, त्याचं हे असं झालं. मारलं म्याच. त्यो पडल्यावर बी म्हणत हुता, ठेव ती परत. म्या ऐकलं न्हाई. दवाखान्यात बी तेच म्हणतोय कळल्यावर आणून ठेवली."

बापाने कपाळाला हात लावला. मला त्या पोराची दया आली, तरी काठी जप्त करावीच लागली.

पेठेतली पोरं बदला घ्यायला टपली होती. जखमी मुलाने दवाखान्यातून निरोप धाडला, माझ्या नावावर कुणाला हात लावू नका. बाल न्याय मंडळापुढेही त्याने सांगितलं की मारलं यानेच, पण पहिली कळ मीच काढली होती, आता माझा राग नाही.

निकालानंतर मुद्देमाल द्यायचा कुणाला, असा पेच पडला. मालक म्हणून देवाची सही कोण आणणार? रीतसर आदेश घेऊन ती काठी जखमी मुलानेच मागून घेतली. गुन्हा उघडकीस आणणं माझं काम होतं, ते मी केलं. मोडलेलं जागच्या जागी परत ठेवणं मात्र खात्याच्या हातात नसतं, ते ज्याचं मोडलं त्यालाच जमतं, हे मी त्या दिवशी शिकलो.

त्याचा गुडघा पुन्हा सरळ झालाच नाही. त्याच काठीवर भार देत तो राईत गेला आणि ती दगडाशी उभी केली. आता परत निघायला आधार उरला नव्हता. बाहेर थांबलेला, त्याला मारणारा तो वाडीचा पोरगा आत आला आणि त्याने आपला खांदा पुढे केला.